किल्लीबाई आणि डिसेंट माणसं

जिन्यात किल्ल्या वाजल्या की समजायचं, कुणाचं तरी बिऱ्हाड हलणार. वाजवणाऱ्या बाईंना सगळे किल्लीबाई म्हणत. खरं नाव होतं, बँकेच्या पुस्तकावर छापलेलंही होतं, पण ते त्यांना स्वतःला सही करतानाच आठवत असावं. कमरेला पितळेचं कडं, कड्यात पंचवीसएक किल्ल्या आणि प्रत्येक किल्लीला रंगीत दोऱ्याचा गोंडा. लाल गोंडा म्हणजे दार न वाजवता आत येणारा घरमालक. निळा म्हणजे नळाची धार बारीक. हिरवा म्हणजे मालक परगावी, अर्थात सर्वोत्तम. पांढरा गोंडा एकाच किल्लीला होता, माझ्या मागच्या खोलीच्या. तो कशाचा, हे मी कधी विचारलं नाही. पांढरा रंग चांगलाच असणार, असं मी धरून चालले होते.

त्यांचा धंदा भाड्यानं खोल्या लावून देण्याचा. त्याला ऑफिस नव्हतं, पाटी नव्हती. छापखान्यामागच्या एका खोलीत त्या राहत आणि गिऱ्हाइकाला छापखान्याच्या पायरीवर भेटत. अंगानं किरकोळ, पण चालणं जमीन मोजायला निघालेल्या माणसाचं. नव्या खोलीत शिरल्या की आधी चपला काढायच्या आणि अनवाणी एक फेरी मारायच्या. "डोळ्याला रंग दिसतो वहिनी, ओल पायाला कळते." मग खिडक्या उघडून बंद करायच्या, मोरीत तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळ गुळगुळ करतं ते ऐकायच्या आणि शेवटी भिंतीला पाठ लावून दोन मिनिटं गप्प उभ्या राहायच्या. तेवढ्यात शेजारच्यांचं भांडण, वरच्यांचं शिलाई मशीन आणि खालच्यांचा दमा, सगळ्यांशी त्यांची ओळख होऊन जायची.

खोली तपासणं सोपं होतं. अवघड होतं घरमालक तपासणं. भाडेकरू कसा हवा, असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. "डिसेंट हवा." डॉक्टर म्हणायचा, दुकानदार म्हणायचा, आणि ज्यांच्या पदरी अख्ख्या इंग्रजीतला एवढा एकच शब्द होता तेही तो नीट घडी करून जपून ठेवल्यासारखा बाहेर काढायचे. आता किल्लीबाईंचं इंग्रजी चौथ्या इयत्तेपर्यंतचं. पण एक गोष्ट त्यांना धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळली होती. जो शब्द सगळे बोलतात आणि ज्यानं कुणाच्याच पोटातलं कळत नाही, त्याच्यावर धंदा चालत नाही. म्हणून त्यांनी 'कसा हवा' हा प्रश्नच टाकून दिला. त्या विचारायच्या, "मागचा कसा होता?"

झालं. मालक आधी "जाऊ द्या हो" म्हणायचा आणि मग अर्धा तास जाऊ द्यायचा नाही. किल्लीबाई आखीव वही उघडायच्या, पेन्सिल जिभेला लावायच्या आणि त्या अर्ध्या तासाची एक ओळ करायच्या.

दातांच्या डॉक्टरांचा मागचा भाडेकरू भिंतीत खिळे ठोकायचा. नोंद : 'डिसेंट = खिळे न ठोकणारा.' दिवसभर लोकांच्या जबड्यात मशीन फिरवणाऱ्या या गृहस्थांना घरी हातोडीचा आवाज सोसत नसे. निवृत्त मुख्याध्यापकांकडे एक तरुण शिक्षिका राहायची, तिला दर रविवारी भेटायला चुलत भाऊ यायचा. एकच येत राहिला असता तर कदाचित चाललंही असतं. नोंद : 'डिसेंट = चुलत भाऊ नसलेली.' कोपऱ्यावरच्या दोघी बहिणींच्या मते ज्याच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येत नाही तो डिसेंट. त्या स्वतः सुकी मासळी भाजायच्या तेव्हा रस्त्यावरची मांजरं दाराशी रांग लावायची, पण तो वास घरचा होता.

आणि एक मोठे अधिकारी होते. त्यांच्या दोन खोल्या बघायला नवराबायको आले, दोघंही कमावते, नीटनेटके. अधिकाऱ्यांनी पाणी दिलं, आडनाव विचारलं, ते ऐकलं, हसले आणि म्हणाले, "कळवतो." मग किल्लीबाईंना जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, जरा डिसेंट बघा हो."

"मागचा कसा होता, साहेब?"

"मागचा? मागचा उत्तमच होता. आमच्यातलाच होता."

ही नोंद किल्लीबाईंनी मला मुद्दाम दाखवली. 'डिसेंट = आमच्यातला.' खाली पेन्सिल दाबून दोन रेघा. म्हणाल्या, "बाकीच्यांचं अर्धा तास ऐकावं तेव्हा कळतं, वहिनी. हे साहेब एका ओळीत बोलले. शिकलेले ना."

माझी त्यांची ओळख झाली ती आमच्या ह्यांना जाऊन वर्ष झालं तेव्हा. मागच्या खोलीला जिन्यात उघडणारं वेगळं दार आहे. तिथे ते रेडिओ दुरुस्त करत बसायचे. ती भाड्यानं द्यावी असं मी ठरवलं, आणि किल्लीबाईंनी फरशीवर अनवाणी फेरी मारून झाल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हटलं, "माणूस डिसेंट हवा." उच्चार अगदी कॉन्व्हेंटमध्ये शिकवला तसा केला, शेवटचा टी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा.

"मागचा कसा होता?"

"मागचा कुणी नव्हताच. पहिल्यांदाच देतेय."

त्यांची पेन्सिल अडली. अशी अडचण त्यांना पूर्वी आली नसावी. "मग आत राहायचं कोण?"

"आमचे हे बसायचे."

"बरं. मग साहेब कसे होते?"

प्रश्न चमत्कारिक होता, पण मी उत्तर दिलं, आणि डायरीतल्या नोंदीप्रमाणे पाऊण तास दिलं. रेडिओ मोठ्यानं लावायचे. हसायचे त्याहून मोठ्यानं. घरात आले की दार लोटायचं नाही, आपटायचं. कप खिडकीत तसेच, एकात एक घातलेले. जिन्यातून जाणाऱ्याला हाताला धरून आत बसवायचं, मग तो मीटर वाचायला आलेला का असेना. किल्लीबाई लिहीत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सोपं आहे की मग. आवाज न करणारं माणूस."

अकरा वर्षं त्यांनी मला आवाज न करणारी माणसं आणून दिली. एक हिशेबनीस, वाचनालयात पुस्तकांच्या याद्या करणारी एक मुलगी, मग एकामागून एक आणखी काही जण, आणि शेवटी एक नर्स. अकरा वर्षांत त्या खोलीतून मला शिंकसुद्धा ऐकू आली नाही. टिकलं मात्र कुणीच नाही. दीड वर्ष म्हणजे डोक्यावरून पाणी. मला वाटायचं, डिसेंट माणसांच्या बदल्या फार होतात.

किल्लीबाईंचं येणंजाणं मात्र वाढलं. आठवड्यातून दोनदा तरी त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसून चहा घ्यायच्या आणि कड्यातल्या किल्ल्या मांडीवर पसरून गोंडे सारखे करायच्या. त्यांच्या वहीतले ते सगळे अर्थ बघून माझ्यातली शाळकरी मुलगी अस्वस्थ व्हायची. एक दिवस मी शब्दकोश काढला.

"काय लिहिलंय पुस्तकात?" त्यांनी विचारलं.

"सभ्य. शालीन. योग्य. आणि पुरेसा."

"शालीन आणि पुरेसा एकाच घरात राहतात?"

"राहतात."

"मग त्यांचा घरमालक चांगला असणार."

मी त्यांना शाळेतल्या सिस्टरची गोष्ट सांगितली. आम्ही मुली खेळाचे कपडे बदलत असू तेव्हा त्या दारावर टकटक करून विचारायच्या, तुम्ही डिसेंट आहात का? म्हणजे अंगावर कपडे आहेत ना, मी आत येऊ का, एवढंच.

किल्लीबाईंनी कप खाली ठेवला. "कपडे घातले की झालं? एवढ्यावर भागतं? मग आमच्या मालकांना कसली एवढी मोठी यादी लागते!"

माझ्या परदेशातल्या भाच्याचं तर आणखीच निराळं. त्याच्या साहेबानं सहा महिन्यांच्या कामाला 'डिसेंट' म्हटलं म्हणून तो आठवडाभर तोंड पाडून होता. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ 'चालेल, ठीक आहे'. त्याच ऑफिसातली दुसऱ्या देशातून आलेली एक मुलगी मात्र काहीही आवडलं की 'डिसेंट!' असं ओरडते, आपण 'वा, काय बात आहे' म्हणतो तसं. आणि पगार डिसेंट आहे असं तिघांपैकी कुणीही म्हटलं तर तो भरपूर असतो. किल्लीबाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्यांच्याकडे भाडेकरूंचीही भर होती. तरुण मुलांना डिसेंट खोली म्हणजे जिथे मालक राहत नाही ती. नव्या जोडप्यांना जिची कडी आतून लागते ती. म्हाताऱ्यांना संडास जवळ असलेली. "एवढासा शब्द," त्या म्हणाल्या, "पण त्याला भाडेकरू किती!"

तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी त्या आल्या, स्टुलावर बसल्या, पण किल्ल्या मांडीवर पसरल्या नाहीत.

"एक बाई आहे, वहिनी. एकटी. त्रेसष्ट वर्षांची. खोली पाहिजे, महिनाअखेरपर्यंत."

"कुठली बाई?"

"ही काय, तुमचा चहा पितेय."

छापखान्याच्या मालकाला नवं मशीन ठेवायला मागची खोली हवी होती. बावीस वर्षं राहिल्यावर त्यानं त्यांना सत्तावीस दिवस दिले होते. मी हसले. म्हटलं, "तुम्हाला काय कमी? निम्म्या गावाच्या किल्ल्या तुमच्या कमरेला आहेत."

"दिव्याखाली अंधार असतो ना, तो कधी मोजला नव्हता," किल्लीबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याच मालकांच्या पायऱ्या चढायला लागल्या.

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. "तुमच्याइतकं डिसेंट माणूस या भागात नाही, बाई! पण काय आहे, तुमच्याकडे सतत माणसं येणार. जिना झिजेल."

"मी एकही खिळा ठोकणार नाही."

"तो प्रश्नच नाही. खिळ्यांचं मी काही म्हणतच नाही."

सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "मागचा कसा होता?" आणि डॉक्टर म्हणाले, "फारच चांगला होता हो." हाच तो खिळेवाला. मुख्याध्यापकांनाही एकाएकी ती शिक्षिका मुलीसारखी वाटायला लागली होती.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "तुम्हाला कुणी भाऊबीऊ?"

"नाही हो. सख्खा नाही, चुलत नाही. एकसुद्धा नाही."

"अरेरे. मग उद्या तुम्ही आजारी पडलात तर बघणार कोण?"

हे मला सांगताना किल्लीबाई इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. "बघा वहिनी! जन्मभर चुलत भाऊ नसलेल्या बायका शोधून दिल्या त्यांना. आता माझ्या वेळेला भाऊ पाहिजे झाला!"

दोघी बहिणींनी त्यांना दारातच प्रेमानं जवळ घेतलं. धाकटी म्हणाली, "तुम्ही तर आमच्या घरातल्याच." थोरली म्हणाली, "म्हणूनच म्हणते, घरातलं सगळं ज्याला माहीत आहे असं माणूस घरात कसं ठेवायचं?" आणि मोठ्या अधिकाऱ्यांनी पाणी दिलं, हसले आणि म्हणाले, "कळवतो."

"मग मी जिन्यातच वही काढली," किल्लीबाई म्हणाल्या. "म्हटलं, याचा अर्थ आपल्याकडे लिहिलेला आहे."

आता हे सगळं मी ऐकत होते तेव्हा माझी मागची खोली रिकामी होती. नर्स एक तारखेलाच गेली होती. किल्लीबाईंना ते माहीत होतं, तिची किल्ली पांढऱ्या गोंड्यासकट त्यांच्याच कड्यात होती. त्या येत होत्या, चहा घेत होत्या, नकारांच्या गोष्टी रंगवून सांगत होत्या आणि विचारत मात्र नव्हत्या. मी मनात म्हणायचे, ताकाला येऊन भांडं कशाला लपवायचं? विचारलं तर मी काय नाही म्हणणार आहे? पण विचारावं त्यांनी. देणाऱ्यानं वाट बघायची असते, असं मला वाटायचं. बहुतेक घरमालकांना वाटतं.

खोटं कशाला बोलू, वाट बघण्यात मला थोडी सोयही होती. त्यांचे पाहुणे, त्यांच्या किल्ल्या, जिन्यातली ती बडबड, हे सगळं माझ्या दाराशी येणार होतं. त्या बुधवारी मी डायरीत लिहिलं, 'किल्लीबाई आल्या होत्या. स्वभाव उत्तम. पण घरात?' ते प्रश्नचिन्ह नंतर खोडायचा मी प्रयत्न केला. शाई पक्की निघाली.

महिना संपायला सहा दिवस उरले होते तेव्हा त्या आल्या, पण एकट्या नव्हत्या. सोबत एक गृहस्थ होते. मी आधी किल्लीबाईंशी दोन वाक्यं बोलले आणि मग मला ते दिसले, इतके ते शांत होते. प्रुफं तपासायचं काम करायचे. पायात रबरी तळव्यांचे बूट. "माझा काही आवाज होत नाही," एवढं एकच वाक्य ते बोलले आणि तेही मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. किल्लीबाई अनवाणी फिरल्या, मोरीत पाणी ओतलं आणि मग नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. ते गृहस्थही उभे राहिले, मीही राहिले. दोन मिनिटं. खिडकीवर ह्यांच्या रेडिओच्या एरियलचा आकडा अजून आहे, त्याच्याकडे मी बघत होते. खोली रिकामी असताना जेवढा आवाज यायचा, तेवढाच आत्ताही येत होता. आम्ही तिघं आत असूनसुद्धा.

चहा घेऊन त्या गृहस्थांनी कप बशीत ठेवला, तो वाजला नाही. ते गेले हेही मला दार बंद दिसलं म्हणून कळलं.

"नको," मी म्हटलं.

किल्लीबाईंनी वही उघडली. माझं पान काढून वाचलं, पुन्हा वाचलं. "का, वहिनी? अकरा वर्षांत इतका तंतोतंत मिळाला नव्हता. बघा ना, एकेक गोष्ट जुळते. दार आपटणार नाही, हसणार नाही, कुणाला आत बोलावणार नाही."

"फारच तंतोतंत आहे. आहे की नाही ते कळत नाही."

"मग कसा हवा?"

तो टाकून दिलेला प्रश्न त्यांनी मला विचारला, आणि मला वाटलं, आता आपली वेळ आली. मी खुर्चीत सरळ बसले आणि जरा कौतुकानंच म्हटलं, "तुम्हीच या की."

डोळ्यांत पाणी येईल, हात हातात घेतील, असं काहीतरी मी गृहीत धरलं होतं. किल्लीबाईंनी वही मिटली. "नको, वहिनी."

"नको? अहो, सहा दिवस राहिलेत!"

"माहीत आहे."

"मग माझ्या खोलीला काय झालं? ओल आहे का? पाणी तुंबतं का?"

"खोली छान आहे." त्यांनी वही उलटी केली, मागची बाजू पुढे घेतली आणि शेवटच्या पानाकडून उघडली. "पुढून भाडेकरू असतात. इकडून मालक."

अकरा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. खोली सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला किल्ली परत घेताना त्या विचारायच्या, "मालक कसे होते?" आणि तेही एका ओळीत लिहायच्या. माझं पान त्यांनी मला स्वतः वाचायला दिलं नाही. त्यांनीच वाचलं, अगदी सरळ आवाजात, दूधवाल्याला रोजचं सांगावं तसं.

हिशेबनीस : 'बाई चांगल्या. खिडकीत बसतात. काहीतरी लिहितात.' यादीवाली मुलगी : 'उशीर झाला तर रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लिहितात.' मधल्या पाचसहा जणांचं त्यांनी वाचलं नाही, नुसतं "हेच" म्हणून पान उलटलं. नर्स : 'मला विचारलं, मागच्या गुरुवारी दोनदा का बाहेर गेलीस. मला आठवेना. त्या आत जाऊन वही बघून आल्या.'

"आणि पांढरा गोंडा?" मी विचारलं.

"कागद," किल्लीबाई म्हणाल्या.

मला राग आला. "अहो, ती माझी डायरी आहे! लग्नाआधीपासून लिहिते मी. दूधवाला कधी आला, पोस्टमन कधी आला, मी स्वतः कधी उठले, सगळंच लिहिते. त्यात कुणावर पाळत ठेवल्यासारखं काय आहे?"

"साहेबांचंही लिहायचात?"

"त्यांचंही."

"ते काय म्हणायचे?"

ते घरात आले की दार आपटायचे आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचे, "आलो गं! घे लिहून!" आणि मग हसायचे. ते हसणं आणि ते दार, दोन्ही मी अकरा वर्षांपूर्वी पाऊण तासात किल्लीबाईंना दोष म्हणून सांगितले होते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. उलट चिडूनच म्हटलं, "मग राहणार कुठे? छापखान्याच्या पायरीवर?"

"पायरी लिहीत नाही," त्या म्हणाल्या, किल्ल्या उचलल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छापखान्यात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंगणात नवं मशीन ताडपत्रीखाली येऊन बसलंही होतं. किल्लीबाईंची खोली माझ्या न्हाणीघरापेक्षा थोडीच मोठी. स्टोव्ह पोत्यात बांधलेला, गादीची वळकटी दोरीनं आवळलेली, फळीवर जुन्या वह्यांचा गठ्ठा. भिंतीला शाईचा वास होता. दुसऱ्यांना ओल सापडली तर खोली नाकारायला लावणारी ही बाई बावीस वर्षं काळपट ओल उतरलेल्या भिंतीला टेकून झोपत होती.

"मी तुमचं काही लिहिणार नाही," मी दारातूनच म्हटलं.

त्या वळकटीवर बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. "येण्याजाण्याच्या वेळा?"

"नाही."

"माझ्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं?"

"नाही."

"आणि त्रास झाला तर? होणार, वहिनी. माझी माणसं मोठ्यानं बोलतात."

"तर दार वाजवून तोंडानं सांगेन. भांडेन हवं तर."

"भांडलेलं चालेल," किल्लीबाई म्हणाल्या. मग उठल्या. "पण खोली बघावी लागेल."

"अकरा वर्षं बघताय ना!"

"ते दुसऱ्यांसाठी."

आणि खरंच, घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, फेरी मारली, खिडकी उघडली, पाणी ओतलं आणि भिंतीला पाठ लावून दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी दारात उभी होते. परीक्षेच्या निकालाला सुद्धा मी इतकी कधी घाबरले नव्हते.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय. वायसर बदला," त्या म्हणाल्या, आणि कड्यातून पांढऱ्या गोंड्याची किल्ली सोडवून पदराच्या टोकाला बांधली.

याला आता तीन वर्षं झाली. छापखान्याच्या पायरीची जागा माझ्या जिन्यानं घेतली आहे. मी दोनदा भांडले, एकदा त्या भांडल्या. मध्यंतरी दातांचे डॉक्टर भाडेकरू शोधत आले, किल्लीबाईंची खोली पाहिली आणि म्हणाले, "बरं झालं हो, डिसेंट जागी पडलात." किल्लीबाईंनी त्यांना विचारलं, "मागचा कसा होता?" आणि पेन्सिल जिभेला लावली.

माझ्या डायरीत या तीन वर्षांत त्यांचं नाव नाही. पण अशा बाईचं कुठेच काही लिहिलेलं नसावं, हेही मला बरं वाटेना. मी विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "वहीत नको. सुट्या कागदांवर लिहा, आणि कुणाला द्यायच्या आधी मला दाखवा."

तेच हे कागद. त्यांनी चष्मा लावून, पेन्सिल घेऊन वाचले. मी नऊ ठिकाणी घड्याळातल्या वेळा लिहिल्या होत्या, त्या सगळ्या खोडल्या. अधिकाऱ्यांच्या नोंदीखालच्या दोन रेघा मी सभ्यपणा म्हणून गाळल्या होत्या, त्या परत घातल्या. बाकी कशाला हात लावला नाही. फक्त शेवटचं पान उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूला, खालच्या कडेकडून, त्यांच्या चौथीच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे :

'मालकीण बरी. आता तोंडानं बोलते. खिडकीत बसणं अजून आहे.'